सोने पाडण्याच्या रासायनिक पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अम्लराजात (ॲक्वा रेजियात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडांच्या मिश्रणात) विरघळलेले सोने पुन्हा धातूच्या रूपात खाली बसवणे, म्हणजे 'पाडणे', यासाठी अर्धा डझन तरी रसायने चालतात. छोट्या प्रमाणावर सोने शुद्ध करणारे त्यांतले कोणते घ्यावे याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरे इथे आहेत. वेगळे सांगितलेले नसेल तिथे सगळी मापे द्रावणातल्या १० ग्रॅम सोन्याच्या हिशेबाने दिली आहेत.

सगळ्यात चांगले रसायन कोणते?

द्रावण कसे आहे यावर ते ठरते. दागिन्यांचे सोने आधी नायट्रिक ॲसिडात उकळून त्यातले तांबे-चांदी काढली असेल आणि उरलेले सोनेच अम्लराजात घातले असेल, तर सोडियम मेटाबायसल्फाइट घ्यावे. द्रावणात तांबे, निकेल आणि विशेषतः पॅलेडियम भरपूर असेल, तर हिराकस (फेरस सल्फेट). एकदा शुद्ध केलेले सोने दुसऱ्यांदा विरघळवले असेल, तर ऑक्झॅलिक ॲसिड. धुवणाच्या पाण्यातले उरलेसुरले सोने गोळा करायचे असेल, तर तांब्याचा तुकडा.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. सोने न पडणे, मळकट पडणे किंवा पडून पुन्हा विरघळणे यामागे बहुतेक वेळा निवडलेले रसायन नसते. पाडण्याआधी द्रावण नीट तयार केलेले नसते. म्हणून रसायनांच्या तुलनेकडे जाण्याआधी पुढची काही उत्तरे वाचाच.

कामाची जागा कशी असावी?

धूर ओढून बाहेर नेणारा फ्युम हूड हवा, नाहीतर वाऱ्याची दिशा पाहून मोकळ्यावर काम करावे. स्वयंपाकघर, बंद गॅरेज, बाथरूम यांपैकी काहीही चालत नाही. नायट्रिक ॲसिडाचा तांबूस धूर फसवा असतो. हुंगल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. असा धूर श्वासात गेला असेल तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांकडे जावे. मेटाबायसल्फाइटमधून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या रुग्णाला अटॅक येऊ शकतो.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडात पाणी ओतू नये. डोळ्यांना बंद गॉगल, हातांना नायट्राइलचे मोजे हवेत. प्रत्येक बीकर एका खोलगट ट्रेमध्ये ठेवावा. बीकर तडकलाच तर ट्रेमुळे सोने वाचते आणि पायही वाचतात.

सोने 'पडते' म्हणजे नेमके काय होते? काही रसायने फक्त सोनेच का पाडतात?

द्रावणातले सोने चार क्लोराइडांना धरून बसलेले असते आणि धातू होण्यासाठी त्याला तीन इलेक्ट्रॉन हवे असतात. जो पदार्थ हे इलेक्ट्रॉन देतो, तो क्षपणक. सोन्याची इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद फार मोठी आहे. क्लोराइड द्रावणात त्याचा प्रमाण विभव (या ओढीचे व्होल्टमधले माप) सुमारे १.०० व्होल्ट असतो. प्लॅटिनमचा त्याच परिस्थितीत ०.७ च्या वर थोडा, पॅलेडियमचा ०.६ च्या आसपास आणि तांब्याचा ०.३४.

हिराकशीतल्या फेरस लोहाचा विभव ०.७७ आहे. म्हणजे फेरस लोह सोन्याला इलेक्ट्रॉन देऊ शकते, पण पॅलेडियम किंवा तांब्याला देऊ शकत नाही. हिराकशीची निवड इतकी काटेकोर असते ती यामुळेच. सल्फर डायऑक्साइडचा विभव ०.१७ च्या जवळ आहे. आकड्यांवरून पाहिले तर त्याने पॅलेडियमही पाडायला हवे. प्रत्यक्षात ती क्रिया संथ असल्यामुळे बरेचसे पॅलेडियम द्रावणात राहते, पण थोडे सोन्याबरोबर खाली ओढले जाते. ऑक्झॅलिक ॲसिड कागदावर याहूनही जोरदार क्षपणक आहे, मात्र थंड द्रावणात ते जवळजवळ निपचित असते. ते जागे होते उष्णतेने.

उरलेले नायट्रिक ॲसिड काढणे एवढे महत्त्वाचे का?

कारण ते शिल्लक असेल तर पडलेले सोने लगेच पुन्हा विरघळते. तुम्ही मेटाबायसल्फाइट टाकत राहता, तांबूस धूर निघत राहतो, द्रावण फसफसते, तपकिरी ढग दिसतो आणि नाहीसा होतो. या गडबडीत ठरलेल्या मापाच्या पाचपट पावडर संपते.

मुळात जास्तीचे नायट्रिक घालूच नये, हा सर्वांत सोपा उपाय. १० ग्रॅम सोन्याला हिशेबाने ७० टक्क्यांचे नायट्रिक फक्त ३ मिलिलिटरच्या आसपास लागते. काही वाफेने जाते म्हणून प्रत्यक्षात ५ ते १० मिलिलिटर लागते. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र ४० मिलिलिटर घ्यावे. एकास तीन अशा मापाचे तयार मिश्रण ओतण्याची सवय सोडा. सोने हायड्रोक्लोरिकमध्ये ठेवा, ते गरम करा आणि नायट्रिक एकेक मिलिलिटर घालत जा. एका हप्त्याची फसफस पूर्ण थांबली आणि सोने अजून शिल्लक असेल, तरच पुढचा हप्ता. शेवटी सोन्याचा बारीक कण न विरघळता उरला तर चिंतेचे कारण नाही. नायट्रिक संपल्याचीच ती खूण आहे.

तरीही जास्त झालेच, तर तीन मार्ग आहेत. पहिला, वजन करून ठेवलेली शुद्ध सोन्याची गुंडी गरम द्रावणात टाकायची. ती उरलेले नायट्रिक खाऊन टाकते. नंतर ती काढून पुन्हा वजन करायचे, म्हणजे तिच्यातले किती सोने विरघळले ते हिशेबात धरता येते. दुसरा, द्रावण न उकळता मंद आचेवर पाकासारखे घट्ट होईपर्यंत आटवायचे, थोडे हायड्रोक्लोरिक घालून पुन्हा आटवायचे, असे तीनदा. कोरडे होऊ द्यायचे नाही, कारण कोरड्या गोल्ड क्लोराइडचे उष्णतेने विघटन होते आणि भांड्याच्या तळाशी सोन्याचा थर चिकटतो. तिसरा मार्ग सल्फॅमिक ॲसिड. गरम द्रावणात चिमटीचिमटीने टाकायचे. फसफस होते तोवर नायट्रिक शिल्लक आहे आणि थांबली की संपले. ७० टक्क्यांच्या १ मिलिलिटर नायट्रिकला सुमारे १.५ ग्रॅम सल्फॅमिक ॲसिड लागते. या क्रियेत थोडे सल्फ्युरिक ॲसिड तयार होते आणि द्रावणात शिसे असेल तर ते सल्फेट होऊन खाली बसते. हा वरकड फायदा.

युरियाने नायट्रिक जाते ना?

जात नाही. युरिया नायट्रस ॲसिड आणि नायट्रोजनचे काही ऑक्साइड नष्ट करतो, नायट्रिक ॲसिड तसेच राहते. युरिया टाकल्यावर दिसणारी फसफस लोकांना फसवते. आमच्या मते या कामात युरियाला जागाच नाही.

पाडण्याआधी गाळणे आवश्यक आहे का?

हो, आणि गाळण्याच्या आधी थंड पाण्याने पातळ करणेही. सिल्व्हर क्लोराइड तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये थोडे विरघळून राहते. द्रावणाच्या तिप्पट बर्फाळ पाणी घातले की ते पांढऱ्या धुरकट साक्याच्या रूपात बाहेर येते. रात्रभर निवळू द्या आणि बारीक गाळणकागदातून गाळा. गाळून आलेले द्रावण अजून धुरकट दिसत असेल तर त्याच कागदातून पुन्हा गाळा. बसलेल्या साक्याने कागदाची छिद्रे बारीक होतात, त्यामुळे दुसरी फेरी अधिक स्वच्छ निघते. शिशाचा संशय असेल तर गाळण्याआधी सल्फ्युरिक ॲसिडाचे काही थेंब घाला.

गाळलेले द्रावण काचेसारखे पारदर्शक दिसले पाहिजे. रंग पिवळा असो की तांब्याने हिरवट झालेला असो, धूसरपणा नको. जे धूसर असते ते सोन्याबरोबर खाली बसते आणि नंतर कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही.

सोडियम मेटाबायसल्फाइटने सोने कसे पाडायचे?

ॲसिडात पडताच ही पावडर सल्फर डायऑक्साइड सोडते आणि सोने तोच पाडतो. हिशेबाने १० ग्रॅम सोन्याला ७.२ ग्रॅम पावडर लागते. काही वायू उडून जातो, काही इतर धातू खातात, म्हणून १० ते १५ ग्रॅम घ्यावी.

द्रावण ३०० ते ५०० मिलिलिटर करा आणि थंड असू द्या. वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे तो हवेत न जाता कामाला येतो. पावडर ७५ मिलिलिटर पाण्यात त्याच वेळी विरघळवा. आदल्या दिवशीचे द्रावण निम्मे मेलेले असते. ते काचकांडीने ढवळत बारीक धारेने ओता. कोरडी पावडर टाकली तरी सोने पडते, पण तिचे गोळे तळाशी बसतात, त्यांच्याभोवती सोने जमते आणि मध्ये मीठ अडकते. बीकर निम्म्याहून जास्त भरलेला नसावा.

सुरुवातीला द्रावण काळसर होते, मग तपकिरी ढग येतो आणि तासाभरात चिखलासारखा पिंगट गाळ बसू लागतो. त्यात पिवळी चमक शोधू नका. बारीक सोने असेच दिसते. किमान काही तास, शक्यतो रात्रभर झाकून ठेवा. निवळीची स्टॅनस क्लोराइडने (कथलाच्या एका क्षाराने, कृती पुढे दिली आहे) चाचणी घ्या आणि ती स्वच्छ आली तरच निवळ ओतून वेगळी करा.

जुनी पावडर हवेने ऑक्सिडाइझ होऊन सल्फेट होते. दिसायला तशीच राहते, पण काम करत नाही. डबा उघडताच नाकाला झोंबणारा वास यायला हवा. वास नसेल तर ती टाकून द्या.

सोडियम सल्फाइट किंवा बायसल्फाइट चालेल का?

चालेल. क्रिया तीच, माप वेगळे. बायसल्फाइट हिशेबाने ७.९ ग्रॅम, सल्फाइट ९.६ ग्रॅम. दोन्हींच्या बाबतीत दीडपट धरा. सल्फाइट थोडे ॲसिड खाते, त्यामुळे द्रावण पुरेसे आम्लधर्मी राहील याकडे लक्ष द्या.

सोन्याबरोबर पांढरट पावडर पडली. ती काय आहे?

द्रावणात तांबे भरपूर असेल आणि मेटाबायसल्फाइट गरजेपेक्षा जास्त झाले असेल, तर ते क्युप्रस क्लोराइड असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ते गरम तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळून निघून जाते. तसे गेले नाही आणि उन्हात जांभळट-करडे पडले, तर ते सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे आधीचे गाळणे नीट झाले नव्हते. लालसर किंवा काळा गाळ वेगळ्या कारणाने येतो. सेलेनियम आणि टेल्युरियम हेही सल्फर डायऑक्साइडने पडतात. कच्च्या मालात ते असण्याचा संभव असेल तर ही पद्धत सोडून हिराकस वापरा.

सल्फर डायऑक्साइड वायू थेट सोडला तर?

सोडियमचे क्षार येत नाहीत, त्यामुळे सोने थोडे अधिक स्वच्छ पडते. पण विषारी वायूची टाकी, नळी, उलटा ओढला जाणारा द्रव हे सगळे सांभाळावे लागते. दहा-वीस ग्रॅमसाठी हा खटाटोप योग्य नाही.

हिराकस (फेरस सल्फेट) कधी वापरावी?

द्रावण मळके असेल तेव्हा. इलेक्ट्रॉनिक भंगार, दातांचे मिश्रधातू, पांढरे सोने यांच्या द्रावणात पॅलेडियम किंवा प्लॅटिनम असते आणि तांबेही पुष्कळ. हिराकस त्यांना हात लावत नाही. वर सांगितलेल्या व्होल्टेजचा फायदा इथे दिसतो.

किंमत मोजावी लागते ती वजनात. हिशेबाने १० ग्रॅम सोन्याला ४२ ग्रॅम, प्रत्यक्षात ५० ते ६० ग्रॅम लागते. स्फटिक फिकट हिरवे, कोरडे असावेत. पिवळट-तपकिरी भुकटी आली असेल तर तेवढे लोह फेरिक झालेले आहे आणि त्याचा उपयोग शून्य. ६० ग्रॅम स्फटिक २०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात ५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक घाला म्हणजे लोह गढूळ होत नाही, आणि गाळून घ्या. बाजारच्या हिराकशीत माती-कचरा असतो आणि तो न गाळता ओतला तर सोन्यात जातो.

सोने गडद तपकिरी आणि बारीक पडते. मेटाबायसल्फाइटपेक्षा बसायला जास्त वेळ लागतो. नायट्रिक शिल्लक असेल तर ते आधी फेरस लोह खाते आणि द्रावण कॉफीसारखे काळपट होते. तो रंग सोन्याचा समजू नये.

चूक होते ती धुताना. पहिले धुणे साध्या पाण्याने केले तर फेरिक लोहाचे पिवळसर क्षार गाळातच बसतात. पहिली दोन धुणी कोमट पातळ हायड्रोक्लोरिकने करा, पाणी नंतर. दुसरा तोटा मागे उरणाऱ्या लोहयुक्त पाण्याचा. त्यातून पुढे पॅलेडियम वेगळे करायचे असेल तर एवढे लोह डोकेदुखी ठरते.

ऑक्झॅलिक ॲसिडचे सोने वेगळे का दिसते?

ते सावकाश वाढते, म्हणून कण मोठे होतात. नीट जमले तर तळाशी पिवळसर, स्पंजासारखा, जड थर बसतो. तो पटकन निवळतो, सहज धुतला जातो आणि वितळवताना उडत नाही. धुण्यात वाहून जाणाऱ्या सोन्याचा विचार केला तर यासारखी दुसरी पद्धत नाही. प्लॅटिनम आणि पॅलेडियम द्रावणात राहतात.

पण ही पद्धत घाई खपवून घेत नाही. हिशेबाने स्फटिकरूप ऑक्झॅलिक ॲसिड ९.६ ग्रॅम लागते, प्रत्यक्षात १५ ग्रॅम घ्या. सोन्याचे द्रावण ३०० मिलिलिटर करून किमान एक लिटरच्या बीकरमध्ये ठेवा. तीव्र आम्लात क्रिया अडून राहते, म्हणून कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंबथेंब घालत पीएच १ ते ३ च्या दरम्यान आणा. ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि ऑक्झॅलिक ॲसिडचे गरम द्रावण हप्त्याहप्त्याने घाला. कार्बन डायऑक्साइड निघतो आणि क्रिया एकदा सुरू झाली की द्रावण पाहता पाहता उतू जाते. एक लिटरचा बीकर घ्यायला सांगितला तो यासाठीच. क्रियेत ॲसिड तयार होत असल्यामुळे पीएच पुन्हा उतरतो आणि क्रिया मंदावते. मग थोडा कॉस्टिक सोडा, पुन्हा उष्णता. पूर्ण व्हायला काही तास लागतात.

पीएच फार चढवला तर लोह आणि तांब्याचे हायड्रॉक्साइड पडतात. तांबे असेल तर फिकट निळे कॉपर ऑक्झॅलेट आणि शिसे असेल तर पांढरे लेड ऑक्झॅलेट येते. म्हणूनच मळक्या द्रावणासाठी हे रसायन नाही, दुसऱ्या फेरीसाठी आहे. द्रावण थंड झाल्यावर पांढरे सुईसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते सोडियम ऑक्झॅलेट आहे आणि गरम पाण्यात विरघळते. ऑक्झॅलिक ॲसिड पोटात गेले तर मूत्रपिंडाला इजा करते. भांडी वेगळी ठेवा.

व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, सुरक्षित आहे. मग तेच का नको?

सुरक्षित आहे हे खरे. १० ग्रॅम सोन्याला हिशेबाने १३.४ ग्रॅम, प्रत्यक्षात १६ ते २० ग्रॅम लागते. थंड द्रावणातही सोने क्षणात पडते. अडचण त्या वेगातच आहे. कण अतिशय बारीक होतात, काही कलिल होऊन, म्हणजे खाली न बसणारे अतिसूक्ष्म कण बनून, तरंगत राहतात. निवडही सैल आहे. पॅलेडियम सोन्याबरोबर येऊ शकते आणि तांबे क्युप्रस होऊन अडकते. शुद्ध द्रावणातले थोडे सोने वर्गात पाडून दाखवायचे असेल तर उत्तम. शुद्धीकरणासाठी आम्ही ते सुचवत नाही.

हायड्रॅझिन, सोडियम बोरोहायड्राइड, सोडियम नायट्राइट?

हायड्रॅझिन विषारी आहे, त्याने कर्करोगाचा धोका असतो आणि ते सोन्यासोबत इतर धातूही पाडते. बोरोहायड्राइड तर समोर येईल ते पाडते आणि ॲसिडात जोराने हायड्रोजन सोडते. नायट्राइटने सोने पडते, पण ॲसिडात तांबूस धूर होतो. घरगुती कामात तिन्हींचे कारण नाही.

तांबे किंवा जस्त टाकून सोने पाडता येते. ते सर्वांत स्वस्त नाही का?

स्वस्त आहे, पण ते शुद्धीकरण नव्हे, वसुली आहे. तांबे ५ ग्रॅमही झिजत नाही तोवर १० ग्रॅम सोने बाहेर येते. सोबत चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि पारा असेल तर तोही येतो. म्हणून ही पद्धत धुवणाच्या पाण्यासाठी राखून ठेवा. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत सगळी निवळ आणि धुणी जमा करा, त्यात तांब्याची जाड पट्टी उभी करा आणि अधूनमधून ढवळा. तळाशी काळा गाळ साचत जातो. वर्षाकाठी तो काढून पुन्हा अम्लराजात घ्यायचा. बारीक तांब्याची तार टाळा. तिचे तुकडे गाळात मिसळतात.

जस्त ॲसिडात हायड्रोजन सोडते. द्रावणात आर्सेनिकचा अंश असेल तर त्याबरोबर आर्साइन हा प्राणघातक वायू निघतो. कच्चा माल कुठला हे माहीत नसेल तर जस्त आणि ॲल्युमिनियम वापरू नका.

सोने सगळे पडले हे कसे ओळखायचे?

स्टॅनस क्लोराइडने, दुसरा भरवशाचा घरगुती मार्ग नाही. १ ग्रॅम स्टॅनस क्लोराइड १० मिलिलिटर हायड्रोक्लोरिकमध्ये गरम करून विरघळवा, मग १० मिलिलिटर पाणी घाला आणि बाटलीत कथलाचा छोटा तुकडा टाकून ठेवा. तुकड्यामुळे ते जास्त दिवस टिकते. गाळणकागदावर निवळीचा एक थेंब आणि त्यावर याचा एक थेंब. जांभळा ते काळा डाग आला तर सोने आहे. १७ व्या शतकापासून ठाऊक असलेला कॅसियसचा जांभळा रंग तो हाच. पिवळा-नारिंगी ते तपकिरी डाग प्लॅटिनमकडे बोट दाखवतो, पिवळट-तपकिरीवरून हिरवा होत जाणारा पॅलेडियमकडे.

डाग आला नाही म्हणजे सोने नाही, असे लगेच मानू नका. नायट्रिक जास्त असेल तर तेच स्टॅनस क्लोराइड खाऊन टाकते. चाचणीद्रव मेलेलाही असू शकतो. म्हणून माहितीतल्या सोन्याच्या द्रावणाची छोटी बाटली जवळ ठेवा आणि दर वेळी आधी त्यावर चाचणी करून पाहा. निवळ फेकून दिल्यावर ही चूक कळणे फार महाग पडते.

रसायन टाकले, पण काहीच पडले नाही.

सर्वांत आधी स्टॅनसची चाचणी. सोने मुळात आहे का, ते कळेल. असेल तर क्रमाने तपासा : टाकताना तांबूस धूर आला होता का, म्हणजे नायट्रिक शिल्लक. मेटाबायसल्फाइटला वास होता का. हिराकस पिवळी पडलेली होती का. ऑक्झॅलिक असेल तर द्रावण गरम आणि पीएच वर होता का. हायड्रोक्लोरिकमध्ये ब्लीच घालून सोने विरघळवले असेल, तर सुटा क्लोरीन उरलेला असतो. द्रावण कोमट करून तो वास जाईपर्यंत घालवा, मगच पाडा. आणि काहीही केले तरी द्रावण ओतून देऊ नका. सोने त्यातच आहे.

द्रावण जांभळट-लाल झाले आणि बसतच नाही.

सोने कलिल झाले आहे. इलेक्ट्रॉनिक भंगारातले कथील याला सर्वाधिक कारणीभूत. कथलाचा चिकट गाळ सोन्याचे कण तरंगत ठेवतो. द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक घालून तासभर मंद तापवा आणि दोन दिवस हलवू नका. बरेचदा कण एकत्र येऊन बसतात. नाहीच बसले तर बादलीत टाका, वसुलीत येईल. पुढच्या वेळी असा माल आधी भाजून, गरम हायड्रोक्लोरिकने कथील काढून मगच नायट्रिक दाखवा.

पडलेले सोने धुवायचे कसे? अमोनिया वापरावा का?

निवळ हळूच ओतून काढा. प्रत्येक धुण्याला गाळणकागद लावला तर सोने कागदात अडकते. ५० मिलिलिटर पातळ हायड्रोक्लोरिक घालून पंधरा मिनिटे मंद उकळवा, बसू द्या, ओता. धुवण रंगहीन येईपर्यंत पुन्हा करा, मग गरम पाण्याने तीनदा. गरम करण्याचा दुसरा फायदा असा की बारीक सोन्याच्या गुठळ्या होतात आणि ते लवकर बसते. पाण्यावर तरंगणारी पावडर दिसली तर भांड्याला हळू टिचकी मारा.

अमोनियाने सिल्व्हर क्लोराइड निघते, पण इथे जिवाचा प्रश्न आहे. विरघळलेले सोने आणि अमोनिया एकत्र आले तर स्फोटक सोने तयार होते आणि ते वाळल्यावर नुसत्या घासण्याने फुटते. धुवणात स्टॅनसची चाचणी कोरी येत नाही तोवर अमोनिया जवळही आणू नका आणि अमोनियाचे धुवण सोन्याच्या बादलीत कधीही ओतू नका. सुरुवातीचे गाळणे काळजीपूर्वक केले तर अमोनियाची गरजच पडत नाही आणि आम्ही तोच मार्ग सांगतो.

वितळवताना काय पाहायचे? शुद्धता किती येते?

पावडर मंद आचेवर पूर्ण वाळवा. ओल राहिली तर कण तडतडून उडतात. मूस आधी टाकणखाराने आतून काचेसारखी लेपून घ्या. पावडर ओलसर गाळणकागदात गुंडाळून, ती पुडी वाळवून मुशीत ठेवली तर ज्योतीच्या झोताने उडत नाही. सोने १०६४ अंशांना वितळते.

नीट गाळलेल्या द्रावणातून मेटाबायसल्फाइटने एकदा पाडलेले सोने ९९ टक्क्यांच्या वर सहज जाते. ९९.९ च्या पुढे जायचे तर विरघळवणे, गाळणे, पाडणे ही फेरी पुन्हा करावी लागते आणि दुसऱ्या फेरीत रसायन बदलणे फायद्याचे ठरते. पहिल्या रसायनाला जी अशुद्धी चुकते ती दुसऱ्याला चुकेलच असे नाही. ९९.९९ साठी कारखाने विद्युत विश्लेषणाची वोलविल पद्धत वापरतात. ती १८७४ सालची.

शुद्ध सोन्याची गुंडी थिजताना वर मध्यभागी खोलगट खळी पडते आणि पृष्ठभाग आरशासारखा राहतो. वर धुरकट साय किंवा हिरवट टाकणखार दिसला तर तांबे-लोह शिल्लक आहे. डोळ्यांनी कस मात्र ठरत नाही. त्यासाठी मुशीत आटवून केलेली कसचाचणीच हवी.

आज विरघळवले, पाडायला पुढच्या महिन्यात वेळ आहे. द्रावण टिकेल?

टिकेल. १९४० साली कोपनहेगनमध्ये जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदके नाझींच्या हाती पडू नयेत म्हणून अम्लराजात विरघळवली. ती बाटली युद्ध संपेपर्यंत प्रयोगशाळेच्या फळीवर उभी होती. नंतर सोने पाडले गेले आणि पदके पुन्हा ओतली गेली. तुम्ही मात्र बाटलीवर नाव, तारीख आणि सोन्याचा अंदाज लिहा. काचेची बाटली वापरा आणि झाकण घट्ट पिळू नका. ताज्या द्रावणातून वायू निघत राहतो.

उरलेल्या पाण्याचे काय करायचे?

गटारात ओतायचे नाही. आधी तांब्याची पट्टी मौल्यवान धातू काढते. निवळीत स्टॅनसची चाचणी कोरी आली की ती दुसऱ्या बादलीत घेऊन लोखंडाचे तुकडे टाका. तांबे लालसर गाळ होऊन बसते. हे काम मोकळ्यावर करा. आर्साइनचा जो धोका जस्ताच्या बाबतीत सांगितला, तो ॲसिडातल्या लोखंडालाही लागू आहे. मग निवळीत कॉस्टिक सोडा किंवा चुना हळूहळू घालत पीएच १० पर्यंत न्या. लोह, निकेल, जस्त हायड्रॉक्साइड होऊन पडतात. गाळ वाळवून धोकादायक कचरा म्हणून द्यावा आणि वरच्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास आणून मगच ते स्थानिक नियमांप्रमाणे सोडावे.

वापरलेले गाळणकागद?

झाकणाच्या डब्यात साठवा. पुरेसे झाले की ॲसिड पूर्ण धुऊन, वाळवून, जुन्या मुशीत झाकून जाळा. ती राख पुढच्या खेपेच्या अम्लराजात घाला.